डिशवॉशरमधून भांडी खरकटीच निघतात? मेकॅनिकला बोलावण्याआधी जाळी आणि पाणी बघा

बेळगाव : नवा डिशवॉशर पहिले पाच-सहा महिने झकास चालतो. मग एक दिवस वाटीच्या तळाशी वाळूसारखी कचकच लागते, पेल्यावर पांढरट साय दिसते, ताटाला भाताचे शीत तसेच चिकटलेले असते. घरात निकाल लगेच लागतो, ‘आपल्या मसाल्याच्या भांड्यांना हे मशीन चालतच नाही.’ मेकॅनिक येतो, दोन मिनिटांत जाळी धुऊन देतो, व्हिजिटचे पैसे घेऊन जातो. महिन्याभराने पुन्हा तेच. शेवटी मशीन ओट्याखाली डबे ठेवायच्या कामी येते.

खरे तर अशा तक्रारींत मशीन बिघडलेले असतेच असे नाही. ते काम कसे करते हे कळले की दोष कुठे आहे ते घरच्या घरी शोधता येते.

डिशवॉशर प्रत्येक भांड्यावर नळाचे नवे पाणी सोडत नाही. तो थोडेसे पाणी तळाशी घेतो, तापवतो आणि पंपाने फिरत्या पंख्यांतून जोरात भांड्यांवर मारतो. ते पाणी खाली पडते, जाळीतून गाळले जाते आणि पुन्हा वर जाते. पाणी दोन-चार वेळा बदलले जाते, पण प्रत्येक टप्प्यात तेच पाणी फिरत असते. जाळी तुंबली तर एका ताटातले खरकटे दुसऱ्या पेल्यात जाऊन बसणारच. हाताला लागणारी कचकच बहुतेक वेळा यातूनच येते.

म्हणून पहिले काम जाळीचे. प्लग काढा, खालचा ट्रे बाहेर घ्या. तळाशी फिरवून निघणारी नळकांड्यासारखी जाळी असते आणि तिच्याखाली एक सपाट पत्रा. दोन्ही काढून साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा. आतल्या खळग्यात हात घालताना जपून, फुटलेल्या काचेचा तुकडा तिथे सापडू शकतो. आपल्याकडे कढीपत्ता, मोहरी, नारळाचा चव, लिंबाच्या बिया हे सगळे तिथेच जमते. रोज मशीन लावणाऱ्या घरात हे काम आठवड्याला व्हायला हवे. त्याच वेळी पंखेही काढून उजेडात धरा. भोकांत मोहरी अडकली असेल तर टूथपिकने काढा. फक्त वरच्या कप्प्यातली भांडी खराब निघत असतील तर संशय आधी वरच्या पंख्यावर घ्यावा.

पाणी बदलले की मशीन बदलते

पांढऱ्या थराची गोष्ट वेगळी. तो खरकट्याचा नसून पाण्यातल्या चुन्याचा असतो. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात तेच हे, घरात आपण जड पाणी म्हणतो. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचे धरणाचे पाणी येते. असे पावसाचे, नदीचे पाणी सहसा हलके असते. पण उन्हाळ्यात नळ चार दिवस रुसला की टाकीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी पडते, आणि मशीन मात्र जुन्याच सेटिंगवर चालत राहते. पणजीत ओपाचे पाणी वापरणाऱ्या मावशीचे सेटिंग हैदराबादला बोअरवर राहणाऱ्या भाचीने जसेच्या तसे उचलले तर पेले पांढरे होणार. तेच इंदुरात. नर्मदेचे पाणी येणारे घर आणि बोअरवरची सोसायटी यांचा हिशेब एक नाही.

हिशेबच मांडायचा तर असा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. समजा बोअरचे पाणी 400 चे आहे आणि मशीन एका धुण्याला 12 लिटर पाणी घेते. म्हणजे दर वेळी जवळपास 5 ग्रॅम चुना मशिनमधून जातो, महिन्याला दीडशे ग्रॅमच्या आसपास. त्यातला थोडासा जरी भांड्यांवर आणि पंख्यांच्या भोकांत बसला तरी पुरे.

यासाठीच बहुतेक मोठ्या मशिनमध्ये मिठाची टाकी असते. मीठ भांडी घासत नाही. मशिनच्या पोटात रेझिनचे बारीक मणी असतात. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम ते धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजे केले जातात. मीठ संपले की जड पाणी थेट भांड्यांवर येते. इथे स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, त्यात आयोडीन आणि गुठळी न होण्यासाठी घातलेले पदार्थ असतात. डिशवॉशरचे जाड मीठच घ्यावे. ते भरल्यावर लगेच मशीन चालवावे, सांडलेले मीठ तसेच राहिले तर आतल्या स्टीलला गंज धरतो.

मीठ भरले म्हणजे झाले असे नाही. पाणी किती जड आहे ते मशीनला सांगावे लागते, आणि नेमके हेच राहून जाते. हातात टीडीएस मीटर असला तरी त्याचा इथे भरवसा नको. तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो, जडपणा वेगळा सांगत नाही. त्यासाठी हार्डनेसची पट्टी किंवा थेंबांचे किट मिळते. मशिनच्या पुस्तिकेत आकडा जर्मन डिग्रीत असेल तर आपल्या आकड्याला 18 ने भागावे, 360 म्हणजे साधारण 20. ‘ऑल इन वन’ टॅब्लेट हलक्या पाण्यात मिठाशिवाय निभावते, फार जड पाण्यात नाही.

डाग चुन्याचाच आहे का, याची खूण सोपी आहे. पेल्यावर व्हिनेगर किंवा लिंबू चोळा. डाग गेला तर चुना. नाही गेला तर काच झिजली आहे, ती परत येत नाही. निळसर, इंद्रधनुषी झाक दिसली तर रिन्स एड जास्त पडते आहे, ते कमी करा. साठलेला चुना काढायला ॲसिड वापरू नका, स्टील खराब होते. डिशवॉशरचा डिस्केलर घालून मशीन रिकामे चालवावे.

मांडणी आणि दाब

ताटे एकमेकांना चिकटून, वाट्या उताण्या, कढई पंख्याच्या आड, अशी मांडणी असेल तर पाणी पोहोचणारच नाही. पळी-डावाची मूठ पंख्याला अडते का, हे हाताने पंखा फिरवून बघावे. उंच ताट पावडरच्या झाकणासमोर आले तर झाकण उघडत नाही आणि पावडर तशीच राहते. खरकटे काढावे, पण भांडी घासून मग आत ठेवायची गरज नाही, मग मशीन कशाला? तेलाची भांडी अर्ध्या तासाच्या क्विक प्रोग्रॅमवर निघत नाहीत, 65-70 अंशांचा प्रोग्रॅम लावा. करपलेले दुधाचे पातेले आधी भिजवावेच लागते. प्लॅस्टिकवरची हळद मशीनचा दोष नाही, डबा उन्हात ठेवा, डाग फिका होतो. लोखंडी तवा, ॲल्युमिनियमची कढई, पितळ-तांबे आणि पोळपाट-लाटणे यांना मात्र बाहेरच ठेवा.

वरच्या मजल्यावरच्या घरांनी दाबही बघावा. टाकीच्या उंचीच्या दर मीटरला साधारण 0.1 बार दाब मिळतो आणि अनेक मशिनना किमान 0.3 ते 0.5 बार लागतो. टाकी डोक्यावर जेमतेम दीड मीटर असेल तर पाणी कमी पडणार. टँकरची रेती पाइपच्या तोंडाशी असलेल्या छोट्या जाळीत अडकली तरी तेच होते. नळ बंद करून ती जाळी काढता येते.

एवढे करूनही पाणी गरम होत नसेल, धुताना पंपाचा आवाजच येत नसेल किंवा शेवटी तळाशी घाण पाणी साचून राहत असेल, तर तो खरा बिघाड. तेव्हा मेकॅनिकला फोनवरच सांगा की जाळी साफ आहे, मीठ भरलेले आहे, पाण्याचा जडपणा इतका आहे आणि अमुक प्रोग्रॅमवर हे होते. वॉरंटी असेल तर क्षारांमुळे झालेले नुकसान तीत धरले आहे का, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.