चार पंख्यांचे विमान

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूर मागे टाकले की पुढचे स्थानक वांगणीचे. उल्हास नदीच्या खोऱ्यात वसलेले हे गाव एरवी शांत असते. पावसाळ्यात मात्र या खोऱ्याचे रूप पालटते. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्याने वेढली गेली. रूळ दिसेनासे झाले. गाडीत सुमारे १०५० प्रवासी होते. त्यांत लहान मुले, वृद्ध माणसे आणि गर्भवती स्त्रियाही होत्या. दुसऱ्या दिवशी आपत्ती निवारण दलाच्या जवानांनी नावा आणल्या आणि सर्व प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले.

अशा वेळी सर्वांत आधी एक गोष्ट हवी असते, ती म्हणजे वरून पाहणारा डोळा. पाणी कोठे खोल आहे, वाट कोठून आहे, माणसे कोठे अडकली आहेत, हे जमिनीवरून कळत नाही. साध्या विमानाला हे काम नीट जमत नाही, कारण ते हवेत एका जागी उभे राहू शकत नाही. नदीकाठी हिंडणाऱ्यांनी काळापांढरा खंड्या पक्षी पाहिला असेल. मासा टिपण्यापूर्वी तो पंख फडफडवीत पाण्यावर एकाच जागी थांबतो. माणसालाही असे अधांतरी थांबणारे यंत्र हवे होते. आज ते यंत्र इतके लहान झाले आहे की, शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी वडीलधाऱ्यांच्या मदतीने ते घरी जुळवू शकते. त्याला क्वाडकॉप्टर म्हणतात. आपण त्याला चार पंख्यांचे विमान म्हणू.

ही कल्पना नवी नाही. १९०७ साली फ्रान्समध्ये ब्रेगे बंधूंनी प्राध्यापक रिशे यांच्या साहाय्याने चार मोठ्या पंखचक्रांचे एक यंत्र उभारले. ते जमिनीपासून सुमारे दोन फूट वर उठले. पण ते कलंडू नये म्हणून चार माणसांना चार कोपऱ्यांवर त्याला धरून ठेवावे लागले. १९२४ साली फ्रान्समध्येच एमिशेन यांनी अशाच प्रकारचे यंत्र एक किलोमीटरचा फेरा घालून परत आणले. तरीही चार पंखचक्रे एकाच वेळी सांभाळणे हे माणसाच्या हातांना अवघडच राहिले. ही अडचण पुढे इलेक्ट्रॉनिक विद्येने सोडविली. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या काही तरुणांनी २००७ साली आयडियाफोर्ज नावाची संस्था काढली. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटात उडणारे चार पंख्यांचे यंत्र त्यांचेच होते. पुढे संरक्षण संशोधन संस्थेच्या सहकार्याने त्यांनी ‘नेत्र’ हे यंत्र बनविले. २०१३ साली उत्तराखंडात महापूर आला, तेव्हा डोंगरांत अडकलेली माणसे शोधण्याच्या कामी ते उपयोगी पडले.

आता या यंत्राचे रहस्य पाहू. छताचा पंखा फिरू लागला की वारा खाली येतो, हे आपण रोज अनुभवतो. पंखा हवेला खाली लोटतो आणि त्याच वेळी हवा पंख्याला वर लोटते. छताचा पंखा जड असतो आणि सावकाश फिरतो, म्हणून तो उडून जात नाही. पण पंखा हलका असेल आणि मिनिटाला हजारो फेरे घेत असेल, तर हवेचा हा रेटा यंत्राच्या वजनापेक्षा अधिक होतो आणि यंत्र वर उठते. रेटा आणि वजन समान झाले की ते जागच्या जागी तरंगते.

परंतु एक पंखा पुरत नाही. पंखा उजवीकडे फिरू लागला की त्याचे धड डावीकडे फिरू पाहते. म्हणून चार पंख्यांपैकी समोरासमोरच्या कोपऱ्यांवरील दोन पंखे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवितात आणि उरलेले दोन उलट दिशेने. दोन्ही जोड्यांचा पीळ एकमेकांना छेद देतो आणि धड स्थिर राहते. विमान पुढे न्यावयाचे असेल, तर मागचे दोन पंखे थोडे वेगाने फिरवावयाचे. मग विमान पुढे झुकते आणि झुकलेल्या दिशेने सरकते. जागेवरच वळावयाचे असेल, तर एका जोडीचा वेग वाढवून दुसरीचा तेवढाच कमी करावयाचा. सुकाणू नाही, शेपटी नाही. केवळ चार वेगांच्या फरकावर सारा कारभार चालतो.

हा कारभार पाहणारा एक इवलासा कारकून विमानात बसलेला असतो. त्याला फ्लाइट कंट्रोलर म्हणतात. तळहातावर काठी उभी धरून पाहा. काठी किती कलली, किती वेळ कललेली आहे आणि किती झपाट्याने कलते आहे, हे तुमचे डोळे पाहतात आणि त्यानुसार हात हलतो. हा कारकूनही हेच करतो. कल मोजणारे सूक्ष्म साधन त्याच्याजवळ असते. तो सेकंदाला हजारो वेळा मोजमाप घेतो आणि चारही मोटारींना हुकूम देतो. १९०७ साली जे काम चार माणसांच्या हातांनी केले, तेच आता नखाएवढी चकती करते.

विमान जुळविण्यापूर्वी वजनाचा हिशेब मांडावा. अगदी लहान यंत्राचे उदाहरण घेऊ. सांगाडा ४० ग्रॅम, चार मोटारी ४० ग्रॅम, चार पंखे ६ ग्रॅम, कंट्रोलर व मोटारींचे वेग सांभाळणारी पट्टी १४ ग्रॅम, बॅटरी ४५ ग्रॅम आणि रिसीव्हर, तारा, स्क्रू मिळून १५ ग्रॅम. एकूण भरले १६० ग्रॅम. तरंगण्यासाठी प्रत्येक मोटारीने ४० ग्रॅम भार उचलला पाहिजे. पण तेवढ्यावर भागत नाही. वारा आला की सावरण्यासाठी अंगात जोर उरला पाहिजे. म्हणून मोटार निदान दुप्पट, म्हणजे ८० ग्रॅम उचलणारी घ्यावी.

बॅटरीचाही हिशेब असाच. ४५० मिलिअँपिअर-तास म्हणजे ०.४५ अँपिअर-तास. तरंगताना यंत्र ४.५ अँपिअर वीज ओढत असेल, तर बॅटरी तासाचा दहावा भाग, म्हणजे ६ मिनिटे पुरेल. तथापि ती पूर्ण रिकामी केली तर कायमची निकामी होते. म्हणून पाचांतील चार भाग वापरून, सुमारे पावणेपाच मिनिटांत, विमान उतरवावे. या लिथियमच्या बॅटरीत तीन घट असतात. पूर्ण भरलेल्या प्रत्येक घटाचा दाब ४.२ व्होल्ट असतो. ती फुगली, भोसकली गेली किंवा प्रमाणाबाहेर भरली, तर पेट घेते. तिच्यासाठी असलेल्या चार्जरवरच ती भरावी आणि भरत असताना घर सोडून जाऊ नये.

जुळणी सावकाश करावी. सांगाड्याच्या चार टोकांवर मोटारी बसवाव्या. स्क्रू फार लांब असला तर तो मोटारीच्या आतील तारांच्या वेटोळ्यांत घुसतो, हे ध्यानी ठेवावे. प्रत्येक मोटारीच्या तीन तारा वेग सांभाळणाऱ्या पट्टीला सोल्डरने जोडावयाच्या असतात. मोटार उलटी फिरू लागली तर घाबरू नये. तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की ती सुलटी फिरते. हे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करावे. बॅटरी प्रथमच जोडताना वाटेत मोटारगाडीच्या दिव्याचा बारा व्होल्टांचा बल्ब घालावा. बल्ब क्षणभर चमकून विझला तर जोडणी ठीक आहे. तो प्रखर जळत राहिला, तर कोठेतरी दोन तारा भिडल्या आहेत असे समजावे आणि बॅटरी काढावी. एक रुपयाची चूक शंभर रुपयांची होण्यापूर्वी हा दिवा सावध करतो.

येथे एक नियम पाठ करावा: घरात तपासणी करताना पंखे लावावयाचे नाहीत. वेगाने फिरणारा लहानसा पंखाही बोट कापतो. पंखे काढलेले असतानाच मोटारींच्या दिशा पाहाव्या आणि रिमोट बंद केल्यास मोटारी थांबतात की नाही, तेही पाहावे. मैदानात संदेश तुटला, तर याच गुणामुळे विमान भरकटत नाही. पंखेही दोन प्रकारचे असतात, उजवे आणि डावे. एक पंखा चुकीच्या जागी बसला, तर विमान उठण्याऐवजी तेथेच कोलांटी खाते. बहुतेक नवशिक्यांची पहिली फजिती हीच असते.

पहिले उड्डाण भातकापणीनंतरच्या मोकळ्या खाचरात, हिवाळ्याच्या शांत सकाळी करावे. गुडघ्याएवढ्या उंचीवर दहा सेकंद तरंगणे, एवढेच पहिले ध्येय ठेवावे. विमान पडेल. पंखा मोडेल. प्रत्येक वेळी का पडले, हे वहीत लिहावे. पडण्याचे कारण ज्याला सापडले, त्याचे विमान खरोखर त्याचे झाले. विकत आणलेले विमान तसे होत नाही.

उडविता येऊ लागले की एक जबाबदारीही येते. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र ‘नॅनो’ वर्गात मोडते आणि ते चालविण्यास परवान्याची गरज नसते. म्हणून कोठेही उडवावे असा याचा अर्थ नव्हे. उड्डाणास मोकळे व निषिद्ध असे प्रदेश सरकारी नकाशावर दाखविलेले असतात. मोकळ्या प्रदेशातही ४०० फुटांची मर्यादा असते. वांगणीचीच गोष्ट घ्या. गावातून लोहमार्ग जातो आणि त्यावरील तारांत पंचवीस हजार व्होल्टांचा दाब असतो. जवळच अंबरनाथला आयुध निर्माण कारखाना आहे. आणि याच गावात दृष्टिहीन बांधवांची अनेक कुटुंबे राहतात. त्यांची वाट कानांनी चालते. पावलांचा, वाहनांचा, गाडीचा आवाज हाच त्यांचा आधार. डोक्यावर घोंघावणारे यंत्र तो आधार हिरावून घेते. ज्याला आपल्या करमणुकीपायी दुसऱ्याची वाट हरवू द्यावयाची नाही, त्याने वस्तीपासून दूर जावे.

त्या पुराच्या दिवशी मदतीसाठी हेलिकॉप्टरेही धाडण्यात आली होती. अशा प्रसंगी कोणी हौसेने आपले विमान वर सोडले, तर ते हेलिकॉप्टरच्या मार्गात येईल आणि मदतीचाच घात होईल. जे यंत्र माणसे वाचवू शकते, तेच अवेळी उडाले तर त्यांच्या जिवावर बेतते. म्हणून विमान उडविण्यास शिकणाऱ्याने आधी ते केव्हा जमिनीवर ठेवावयाचे, हे शिकले पाहिजे.

स्वाध्याय

१. समोरासमोरचे पंखे एकाच दिशेने आणि शेजारचे पंखे उलट दिशेने का फिरवितात?

२. विमानाचे वजन २०० ग्रॅम असेल, तर तरंगताना प्रत्येक मोटारीवर किती भार येईल? मोटार निदान किती ग्रॅम उचलणारी घ्यावी?

३. बॅटरी प्रथम जोडताना वाटेत बल्ब घालण्याचा उपयोग काय?

४. तुमच्या गावात असे विमान कोठे उडविता येईल व कोठे उडवू नये, हे कारणांसह लिहा.