माळ्यावरचे जुने प्लेस्टेशन भंगारात देताय? आधी हे वाचा

नायगावच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. घर हलवताना माळ्यावर जुने प्लेस्टेशन-2 सापडले, तर ते लगेच भंगारात देऊ नका. 2000 मध्ये आलेल्या या कन्सोलचे जगभरात 15 कोटींहून अधिक नग विकले गेले.

बिघडते काय?
डिस्क वाचणारी लेझर लेन्स कमजोर होते. ती बदलता येते. तारीख-वेळ लक्षात राहत नसेल, तर आतली सीआर2032 बॅटरी बदलावी.

नवे काय बसते?
जाड मॉडेलच्या मागे नेटवर्क अडॅप्टर लावून 3.5 इंची आयडीई हार्ड डिस्क जोडता येते. गेम तिच्यावरून चालवले की लेन्सला काम उरत नाही. स्लिम मॉडेलमध्ये ही जागा नाही.

काळजी कोणती?
प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायमध्ये वीज साठलेली असू शकते. सवय नसेल तर कारागिराकडेच द्या. सुट्या भागांसाठी ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करा. पायरेटेड गेम मात्र बेकायदा आहेत.

सर्वात आधी काय जपावे?
8 एमबीचे मेमरी कार्ड. हार्ड डिस्कवरून गेम चालवण्याचे सॉफ्टवेअर दुसऱ्या कार्डवर टाका. लेन्स नवी मिळेल. शाळेच्या सुट्टीत भावंडांनी सेव्ह केलेला गेम पुन्हा मिळणार नाही.