हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणाला निघालात?

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या लेकी-सुना आज कॅनडा-अमेरिकेत संसार करताहेत. तिकडून गोड बातमी आली की इकडे आपली धांदल सुरू होते. डिंक, खारीक, हळीव, बाळंतशोपा, ओवा, वेखंड, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी... बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून विमानतळावर सगळ्यांदेखत उपसाउपशी करायची वेळ येते, ती वेगळीच! मीही २०१३ च्या नोव्हेंबरात अशाच दोन बॅगा घेऊन टोरांटोला उतरले. बाळंतपणातलं मला काय येत नव्हतं? स्वतःची दोन झालेली, बहिणीचं आणि जावेचं मीच काढलेलं. त्या अनुभवाच्या जोरावरच मी तिथं एक गोष्ट करून बसले. सांगताना आजही लाज वाटते. पण या हिवाळ्यात तुमच्यातली कुणी निघाली असेल, तर तिला हे कळायलाच हवं.

नात झाली १२ डिसेंबरला. २१ तारखेला, शनिवारी रात्री, बाहेर पाऊस लागला. मला बरंच वाटलं. म्हटलं, बर्फाऐवजी पाऊस पडतोय, म्हणजे थंडी ओसरली. जावई मात्र सारखे खिडकीशी जाऊन बघत होते.

हा पाऊस निराळा असतो. वर आभाळात उबदार हवेचा थर असतो, त्यातून पाणीच पडतं. पण जमिनीलगतची हवा शून्याच्या खाली असते. थेंब खाली येईपर्यंत पाणीच राहतो आणि जिथं टेकतो तिथं काचेसारखा गोठून बसतो. संक्रांतीचा हलवा करताना आपण परातीत तीळ फिरवत चमचा चमचा पाक सोडतो आणि थरावर थर चढवतो ना, अगदी तसं. इथं तीळ म्हणजे झाडाची एकेक काडी आणि विजेची एकेक तार. रात्रभरात त्या तारेवर शेकडो किलोंचं ओझं चढतं. मग फांद्या कडाडून मोडतात, तारा घेऊन खाली येतात. पहाटे कुणी फटाके उडवतंय की काय, अशा आवाजानं मला जाग आली. दिवा लावायला गेले, तर वीज गेलेली. तिकडे विजेला सरसकट ‘हायड्रो’ म्हणतात. ‘हायड्रो गेली’ हे शब्द त्या आठवड्यात मी शंभर वेळा ऐकले असतील. एकट्या टोरांटो शहरात तीन लाख ग्राहक अंधारात होते, तेही ऐन नाताळात.

आपल्याला वाटतं, वीज गेली त्यात काय मोठंसं! भारनियमनात आपण काय दिवस काढले नाहीत? मीही तेच म्हणाले. पण आपल्याकडे वीज गेली की पंखा जातो, तिकडे वीज गेली की ऊब जाते. लेकीच्या तळघरातली भट्टी गॅसवर चालणारी, गॅस तर येत होता. पण ती पेटवणारी ठिणगी विजेची आणि गरम हवा खोल्याखोल्यांत ढकलणारा पंखाही विजेचा. म्हणजे गॅस असून नसल्यासारखा. क्वेबेक प्रांतात तर बहुतेक घरं थेट विजेवरच तापतात. तिथं ५ ते १० जानेवारी १९९८ या दिवसांत असाच बर्फाचा पाऊस पडला होता. विजेचे जवळजवळ हजार पोलादी मनोरे आणि तीस हजारांवर लाकडी खांब कोसळले. मॉन्ट्रियलच्या दक्षिणेकडच्या काही गावांना महिनाभर वीज नव्हती आणि मदतीला हजारो सैनिक उतरवावे लागले. त्यात माणसं दगावली ती काही नुसती गारठून नव्हेत. ऊब मिळवायला घरात जे पेटवलं, त्यानंही दगावली.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

रविवारी दुपारी घरात १६ अंश होते. जावई म्हणाले, “आई, मिसिसागाला माझ्या मित्राकडे हायड्रो आहे, आपण तिकडे जाऊ. नाहीतर शहरानं ऊबघरं उघडली आहेत.” मी साफ नाही म्हटलं. दहा दिवसांची बाळंतीण! सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही, आणि ही निघाली तान्ह्या पोरीला घेऊन लोकांच्या दारी? माझ्यापुढे दोघं गप्प बसली. (आईपुढे मुलं गप्प बसली, म्हणजे आईचं बरोबरच असतं असं नाही, हे कळायला वय लागतं.)

सोमवारी सकाळी घरात ११ अंश. बाळाच्या अंगावर तीन झबली, टोपडं, दुपटं. तरी नाकाचा शेंडा गार. मला राहवेना. मागच्या ओट्यावर मांस भाजायची कोळशाची शेगडी होती, कोळशाची पिशवी गॅरेजात. जावई बाहेर गाडीवरचा बर्फ खरवडत होते. मी कोळसे पेटवले, चांगले लाल होऊन वर पांढरी राख धरेपर्यंत वाट पाहिली. धुराचा निखारा आत न्यायचा नाही, हे आईनं मला शिकवलेलं. मग बिडाच्या कढईत निखारे घेतले, बाळंतिणीच्या खोलीत पलंगापासून हातभर लांब ठेवले आणि ऊब जाऊ नये म्हणून दाराखाली टॉवेल दाबून बसवला. पाच मिनिटांत खोली अशी छान झाली म्हणता! ओव्याची चिमूट टाकली. बाळ झोपलं. अर्ध्या तासानं लेक म्हणाली, “आई, डोकं जड झालंय गं.” म्हटलं, जागरणानं होतं. आणि तेवढ्यात भिंतीवरची पांढरी डबी किंचाळायला लागली.

मी काय करावं? बाळ उठेल म्हणून उशीचा अभ्रा घेऊन ती डबी झाकायला गेले!

जावई धावत आले ते त्या आवाजानं. त्यांनी खिडकी सताड उघडली, लेकीला आणि बाळाला तसंच गोधडीत गुंडाळून बाहेर काढलं, मलाही दंडाला धरून बाहेर नेलं. अग्निशमन दलाची माणसं आली, त्यांनी यंत्र धरून खोली तपासली, आम्हां तिघींना दवाखान्यात पाठवलं. सगळं ठीक निघालं. मला कुणी एक शब्द बोललं नाही, त्याचंच जास्त लागलं.

धूर नसलेला निखारा

आता हे नीट लक्षात घ्या. निखाऱ्यातून धूर येत नाही, म्हणजे काहीच येत नाही असं नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. आपल्या रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींनी अधिक घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो आणि आत प्राणवायू पोचत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, झोप येते. आणि ती झोप उतरत नाही. तान्हं बाळ आणि पोटुशी बाई यांना धोका सगळ्यांत जास्त. घरातल्या साऱ्यांचंच एकदम डोकं दुखायला लागलं, तर सर्दी-पडसं म्हणून काढा करत बसू नका. आधी सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि मग मदतीला फोन करा.

तुम्ही म्हणाल, आमच्या आज्या-पणज्यांनी शेक-शेगडी घेतली, त्यांना काही झालं नाही. खरंय. पण त्यांच्या घरावर कौलं होती, भिंतीला फटी होत्या, दार धड लागत नव्हतं. त्यांना त्या फटींनी वाचवलं. थंड देशातलं घर बाटलीला बूच मारावं तसं बंद असतं. आणि आपले आताचे फ्लॅट तरी काय निराळे? सरकत्या काचा लावून, दार ओढून बाळाला धुरी देणाऱ्या घरांनीही विचार करावा. बंद न्हाणीघरातल्या गॅसच्या गिझरनं आपल्या मुंबई-पुण्यात माणसं गेली आहेत, तीही याच वायूनं.

म्हणून कोळशाची शेगडी, रॉकेलचा किंवा सहलीचा स्टो यांपैकी काहीही ऊब म्हणून घरात पेटवायचं नाही. गॅसची शेगडी असेल तर तिच्यावर खिडकी किलकिली करून चहा-भात करून घ्या, पण घर तापवायला ती लावून ठेवू नका. ओव्हनचं दार उघडं टाकून बसणं तर नकोच नको. जनरेटर घराबाहेर, खिडक्या-दारांपासून निदान वीस फुटांवर. गॅरेजचं दार वर केलेलं असलं तरी गॅरेजात नाही. गाडीत बसून ऊब घ्यायची किंवा फोन चार्ज करायचा, तर गाडी आधी उघड्यावर काढा आणि मागची धुराची नळी बर्फानं बुजलेली नाही ना, ते बघा. आणि ती पांढरी डबी! ऑन्टारिओत २०१४ पासून गॅसवर तापणाऱ्या घरांत ती सक्तीची झाली आहे. लेकीकडे गेल्यावर पहिल्याच दिवशी विचारा, ती कुठंय आणि तिच्यात सेल आहे का.

मग ऊब कशी राखायची?

सगळं घर तापवायचा नाद सोडायचा. एकच खोली धरायची. लहान, शक्यतो उन्हाच्या बाजूची, कमी खिडक्यांची. खिडक्यांवर जाड पांघरुणं टांगा, दिवसा ऊन आलं तर तेवढी बाजूला करा. जमिनीवर सतरंजी, गादीखाली वर्तमानपत्रांचे थर. सगळ्यांनी तिथंच निजायचं. अंगात एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे बरे; आपली गोधडी याच तत्त्वावर शिवलेली असते. ओले मोजे ताबडतोब बदला. उजेडाला बॅटरी वापरा, मेणबत्ती नको. गोधड्या टांगलेल्या खोलीत आगीला वेळ लागत नाही.

बाळाची खरी शेगडी म्हणजे आई. बाळाला नुसत्या लंगोट-टोपड्यावर आईच्या उघड्या छातीशी धरायचं आणि वरून दोघांना मिळून पांघरायचं, बाळाचं नाक-तोंड मोकळं ठेवून. आईला डोळा लागायला आला, तर बाळ दुसऱ्याच्या छातीशी द्या. कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉक्टरांनी १९७८ पासून अपुऱ्या दिवसांची बाळं अशीच जगवली. छाती-पाठ हाताला गार लागली, बाळ मलूल झालं, पिईना, तर घरचे उपाय पुरे. दवाखाना गाठा.

घर थंड पडलं की नळातलं पाणी नळीतच गोठतं, फुगतं आणि नळी फोडतं. म्हणून नळाची बारीक धार चालू ठेवा. घर सोडून जाणार असाल, तर मुख्य चावी बंद करून सगळे नळ उघडून पाणी काढून टाका. आणि प्यायचं पाणी आधीच भरून ठेवा.

फ्रिज उघडू नका. न उघडता आतलं चार तास टिकतं. गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. मी करून गोठवलेल्या चाळीस पुरणपोळ्या डब्यात घालून ओट्यावर ठेवल्या, त्या मात्र नीट राहिल्या! मोठा आधार झाला तो मेतकूट, दडपे पोहे आणि डिंकाच्या लाडवांचा. चूल न पेटवता खाता येईल असं आपल्याकडे किती आहे, हे तिथं समजलं.

आणि बाहेर पाऊल टाकाल तर सावकाश, वर बघत. झाडावरची फांदी कधी सुटेल, नेम नसतो. लोंबणाऱ्या तारेच्या तीस-पस्तीस फूट परिसरात जायचं नाही. मिठानं बर्फ वितळतो खरा, पण थंडी फार उतरली की तेही जमत नाही. मग पायरीवर वाळू टाकावी.

इतकं सगळं करूनही, घरात तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल आणि वीज लवकर येण्याचं चिन्ह नसेल, तर पहिल्याच दिवशी, उजेडी निघा. आम्ही रविवारी दुपारी निघालो असतो, तर पुढचं काही घडलंच नसतं. सव्वा महिन्याची रीत बाळंतिणीला वारा लागू नये, विसावा मिळावा म्हणून. जिथं घरातच वारा शिरलाय, तिथं उंबरठ्याच्या आत कसला विसावा?

दवाखान्यातून आम्ही सरळ मिसिसागाला गेलो. त्या मराठी कुटुंबानं आधीच दोन घरांना आसरा दिला होता. आमच्यासकट त्या घरात तेरा माणसं झाली. मी संकोचून दारातच उभी राहिले, तर घरची सून म्हणाली, “काकू, आत या आधी, ऊब जातेय बाहेर.” नातीचं बारसं बाराव्या दिवशी राहून गेलं होतं, ते तेराव्या दिवशी तिथंच उरकलं. पाळणा नव्हता, धुण्याची वेताची टोपली होती. घुगऱ्यांना चणे त्यांच्याकडचे, लाडू माझ्याकडचे. शेजारची एक इटालियन म्हातारी, तिच्याही घरात वीज नव्हती, तीही येऊन बसली आणि बाळाच्या हातात पाच डॉलरची नोट ठेवून गेली.

वीज २६ तारखेला आली. घरी परतल्यावर फ्रीझरमधलं सगळं टाकून दिलं, आणि पहिलं काम म्हणून जावयांनी त्या पांढऱ्या डबीत नवे सेल घातले. ती बिडाची कढई लेकीकडे अजून आहे. थालीपीठ फार सुरेख होतं तिच्यात.