ताटातील फेरपालट

एकाच शेतात तेच पीक वर्षानुवर्षे घेऊ नये, हे शेतकरी बंधूंना कोणी सांगावे लागत नाही. परंतु त्याच शेतकऱ्याच्या घरातील ताटात मात्र बारा महिने तीच तीन-चार पिके फिरत असतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. सकाळी चहा व बिस्किटे, दुपारी गव्हाची चपाती व बटाटा, रात्री पांढराशुभ्र भात व पातळ आमटी, असा क्रम आज अनेक खेड्यांतून रूढ झाला आहे. या अन्नाने पोट भरते, पण शरीराचे पोषण होतेच असे नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५४ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. खुरपणीला, वेचणीला, काढणीला जाणारे हात ते हेच होत.

ज्वारी-बाजरी ताटातून मागे का सरली, याचा विचार दोष न देता केला पाहिजे. शिधावाटप दुकानातील गहू व तांदूळ यांनी पुष्कळ घरांची उपासमार टाळली, हे मान्यच आहे. ज्वारीची काढणी कष्टाची, पाखरांची राखण करावी लागते, मजूर मिळत नाहीत. शिवाय भाकरी थापणे हे चपाती लाटण्याहून अवघड काम आहे. दिवसभर शेतात राबून आलेल्या गृहिणीने सोपा मार्ग धरला तर तिला बोल लावणे अन्यायाचे होईल. म्हणूनच, ‘उद्यापासून घरात भरडधान्यच शिजेल’ असा हुकूम काढून काही साधत नाही. चार दिवस भाकरी होते, मुले ताट सरकवतात आणि पाचव्या दिवशी घर पूर्वपदावर येते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. त्या निमित्ताने भरलेल्या पाककृती स्पर्धांत नाचणीचे केक व बाजरीच्या गोड वड्या पुष्कळ पाहावयास मिळाल्या. त्या रुचकर असतील. पण साखर आणि तुपात घोळलेली नाचणी वर्षातून एकदा खाल्ल्याने रोजच्या ताटात काय बदलले, असा प्रश्न प्रस्तुत लेखकाला पडतो.

बदल हळूहळू करावा. जेथे चपाती रुळली आहे तेथे प्रथम गव्हाच्या पिठात चौथा हिस्सा ज्वारीचे पीठ मिसळावे. एवढ्याने चपाती लाटताना अडचण येत नाही आणि चवीतही फारसा फरक जाणवत नाही. हे प्रमाण निम्म्यावर गेले म्हणजे मात्र चपाती कडेने चिरू लागते, कारण गव्हातील चिकटपणा ज्वारीत नसतो. तेथून पुढे भाकरीच करणे बरे. ती प्रथम आठवड्यातून दोन रात्री, मग तीन, आणि दोन-तीन महिन्यांनी रोज एक वेळ करावी. बाजरी उष्ण मानून लोक ती थंडीत खातात. ही समजूत मोडण्याच्या भरीस कार्यकर्त्याने पडू नये. थंडीत बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी, डोंगराळ भागात व कोकणात नाचणी, ही जुनी वाटणी सोयीची आहे.

बाजरीची भाकरी कडू लागते, ही तक्रार घरोघर ऐकू येते. दोष बहुधा धान्याचा नसून साठवलेल्या पिठाचा असतो. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने दळल्यावर पीठ लवकर खवट होते. ज्वारीच्या जुन्या पिठाला विरी जाते व भाकरी थापताना तुटते. महिन्याचे दळण एकदम न आणता आठवड्यापुरतेच आणावे आणि पीठ मळताना कढत पाणी घालावे. एवढी काळजी घेतली तर निम्म्या तक्रारी मिटतात.

नाचणीविषयी दोन शब्द अधिक लिहिणे अगत्याचे आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते दहा मिलिग्रॅमही नसते. नाचणी रात्रभर भिजवून, कापडात बांधून मोड आणावेत, सावलीत वाळवावी, मंद भाजून दळावी. मोड आल्याने त्यातील लोह व कॅल्शियम शरीरास अधिक उपलब्ध होते. या पिठाची लापशी लहान मुलांना आणि आंबील सर्वांनाच चालते. जेथे भात हेच मुख्य अन्न आहे तेथे गिरणीवाल्यास तांदळाला एक पॉलिश कमी द्यावयास सांगावे. असा तांदूळ फार दिवस टिकत नाही, म्हणून थोडा थोडाच सडून घ्यावा.

तेल, मीठ व साखर यांच्या बाबतीत उपदेशापेक्षा हिशेब उपयोगी पडतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतील नमुना आहारात माणशी दिवसाला सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. म्हणजे पाच माणसांच्या घरास महिन्याला चार किलो. मीठ माणशी ५ ग्रॅमपेक्षा अधिक नसावे, म्हणजे घरास महिन्याला पाऊण किलो. आणि लोणचे-पापडातील मीठही त्यातच आले. पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहून ठेवावी. ती किती दिवसांत संपली यावरून घराला आपली स्थिती आपणच कळते. चहातील साखर एकदम बंद करू नये. दर महिन्यास अर्धा चमचा कमी करावी. काही आठवड्यांत जिभेस सवय होते. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास अन्नातील लोह अंगी लागत नाही, म्हणून चहा तासाभराने घ्यावा. उलट पालेभाजी किंवा उसळीवर लिंबू पिळल्याने लोह अधिक प्रमाणात शोषले जाते. तथापि ज्या भगिनींना आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या दिल्या असतील त्यांनी त्या बंद करू नयेत. रक्तक्षय जडल्यावर केवळ आहाराने तो लवकर भरून येत नाही.

मोड आलेली मटकी, मूग, हुलगा यांची उसळ दिवसाआड तरी व्हावी. परसात दोन शेवग्याची झाडे असावीत. शेंगांइतकाच त्याचा पालाही खाण्याजोगा आहे. तांदुळजा, चाकवत, घोळ, पाथरी या भाज्या फुकट मिळतात, मात्र फवारणी झालेल्या शेतातून त्या खुडू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरी गेल्यावर ‘काय खाता’ याबरोबरच ‘शेवटी कोण जेवते’ हेही विचारावे. बहुतेक घरांत उत्तर एकच येईल. डाळ व भाजी सर्वांना वाढून झाल्यावर भांड्यात जे उरते ते गृहिणीच्या वाट्याला येते. बदल ताटात उतरावयाचा तर प्रथम सर्वांची ताटे एकदम वाढली गेली पाहिजेत. भाकरी प्रथम कर्त्या पुरुषाने मागून खाल्ली पाहिजे, म्हणजे एकाच चुलीवर दोन स्वयंपाक करण्याची पाळी तिच्यावर येणार नाही.

यातील मोठा निर्णय स्वयंपाकघरात होत नाही, तो पेरणीच्या वेळी होतो. माणशी रोज शंभर ग्रॅम पीठ धरले तर पाच माणसांच्या एका वेळच्या भाकरीस वर्षाला सुमारे १८० किलो धान्य लागते. साधारण पावसात अर्धा ते पाऊण एकर कोरडवाहू रब्बी ज्वारी त्यास पुरते आणि कडबा मिळतो तो वेगळाच. तेवढे धान्य बाजाराचा भाव पाहण्यापूर्वी घरासाठी बाजूला काढावे. रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरता येते. खरिपात बाजरी घेणाऱ्यांनी लोहाचे प्रमाण अधिक असलेल्या ‘धनशक्ती’ या वाणाचा विचार करावा. तो संकरित नसल्याने घरचे बियाणे राखता येते. त्यासाठी शेजारच्या संकरित बाजरीपासून दूर असलेल्या भागातील, शेताच्या मधल्या ओळींतील भरदार कणसे निवडून ती वेगळी मळावी व दाणे चांगले वाळवून ठेवावेत.