नोकरी आणि फ्रीलान्सिंग, दोन्ही घरूनच? मग भाडं, वीजबिल, वायफाय टॅक्समधून वजा होतं का?

दिवसा कंपनीचं काम, संध्याकाळी स्वतःच्या क्लायंटचं. टेबल तेच, वायफाय तेच, खुर्चीही तीच. रिटर्न भरायचे दिवस आले की मोबाईलवर रील्स सुरू होतात: ‘वर्क फ्रॉम होम करताय? घरभाडं, वीजबिल, लॅपटॉप सगळं टॅक्समधून वजा करा!’

हे अर्धंच खरं आहे. कारण टॅक्सच्या नजरेत तुम्ही एकाच वेळी दोन माणसं असता. एक पगारदार आणि दुसरा व्यावसायिक. घरखर्चाची वजावट यातल्या फक्त एकालाच मिळते. कोणाला आणि किती, ते आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नियमांनुसार समजून घेऊ.

पगारातून काय वजा होतं?

घरून काम करता म्हणून पगारातून वेगळं काहीही वजा होत नाही. आपल्याकडे पगारदारांसाठी ‘वर्क फ्रॉम होम’ची स्वतंत्र वजावट नाही. नोकरीसाठी होणाऱ्या खर्चापोटी सगळ्यांना सरसकट स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. नव्या करप्रणालीत ते ७५ हजार रुपये आहे आणि जुन्या करप्रणालीत ५० हजार. तुम्ही रोज लोकलने ऑफिसला जा किंवा घरी बसून काम करा, आकडा तोच राहतो. त्यासाठी बिलं जोडावी लागत नाहीत.

मग फ्रीलान्सिंगच्या कमाईतून?

इथे चित्र बदलतं. फ्रीलान्सिंगची कमाई ‘व्यवसाय किंवा पेशातून उत्पन्न’ या गटात मोडते. या गटात टॅक्स लागतो तो नफ्यावर, म्हणजे कमाईतून कामाचा खर्च वजा करून जे उरतं त्यावर. भाडं, वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन हे सगळं त्या खर्चात येऊ शकतं. अट एकच, खर्च त्या कामासाठी झालेला हवा. एखादी गोष्ट अर्धी कामासाठी आणि अर्धी घरासाठी वापरली जात असेल, तर फक्त कामाचा वाटा वजा होतो.

लॅपटॉपची किंमत मात्र एका फटक्यात वजा होत नाही. त्यावर दरवर्षी घसारा मिळतो. कॉम्प्युटरसाठी घसाऱ्याचा दर ४० टक्के आहे. खरेदीच्या वर्षी तो १८० दिवसांपेक्षा कमी वापरला असेल, तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. टेबल-खुर्चीसाठी दर १० टक्के आहे.

नवी करप्रणाली घेतली तर हे खर्च चालत नाहीत, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची म्हणजे एचआरएची सूट जाते, पण व्यवसायाचे नेहमीचे खर्च आणि घसारा कायम राहतो.

वाटणी कशी करायची?

एक उदाहरण घेऊ. पुण्यातली एक सॉफ्टवेअर डेव्हलपर. पगार वर्षाला १२ लाख, फ्रीलान्सिंगची कमाई ४ लाख. राहायला भाड्याचा फ्लॅट, महिना २० हजार. घरात साधारण सारख्या आकाराच्या चार खोल्या आहेत आणि त्यातली एक कामाची. त्या खोलीत अर्धा वेळ कंपनीचं काम चालतं, अर्धा वेळ क्लायंटचं. तिच्या वर्षभराच्या खर्चाची वाटणी अशी होईल:

- भाडं २,४०,००० रुपये. एका खोलीचा वाटा ६०,०००, त्यातला फ्रीलान्सिंगचा अर्धा ३०,०००.
- वीजबिल २४,००० रुपये. याच पद्धतीने ३,०००.
- इंटरनेट १२,००० रुपये. अर्धं धरलं तर ६,०००.
- फक्त क्लायंटच्या कामासाठी घेतलेला ६०,००० रुपयांचा लॅपटॉप. पूर्ण दराने घसारा २४,०००.
- क्लायंटच्या कामाची सबस्क्रिप्शन्स १७,०००.

एकूण ८० हजार रुपये. म्हणजे ४ लाखांऐवजी ३ लाख २० हजारांवर टॅक्स.

खोल्यांच्या संख्येऐवजी चौरस फुटांवर वाटणी केली तरी चालते. महत्त्वाचं हे की पद्धत पटण्यासारखी हवी आणि दरवर्षी तीच हवी. टू बीएचकेचं पूर्ण भाडं ‘ऑफिस’ म्हणून दाखवलं आणि विचारणा झाली, तर उत्तर देणं अवघड जाईल.

बिलं सांभाळायची नसतील तर?

त्यासाठी कायद्यात सोपा रस्ता आहे, कलम ४४ एडीए. यात कमाईचा किमान निम्मा भाग नफा म्हणून दाखवायचा. उरलेला भाग खर्चात गेला असं धरलं जातं. बिलं दाखवावी लागत नाहीत, हिशेबाच्या वह्याही ठेवाव्या लागत नाहीत. पण एकदा हा रस्ता धरला की भाडं, वायफाय, घसारा यातलं काहीही वेगळं वजा करता येत नाही. ते सगळं त्या निम्म्यात आलं.

ही सोय ठरावीक पेशांनाच आहे. वकील, डॉक्टर, इंजिनीअर, आर्किटेक्ट, सीए, तांत्रिक सल्लागार, इंटिरिअर डेकोरेटर, आयटी व्यावसायिक, चित्रपट कलाकार असे काही पेशे त्यात येतात. वर्षाची कमाई ५० लाखांपर्यंत हवी. रोखीने मिळालेली रक्कम ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, तर ही मर्यादा ७५ लाख आहे. यादीबाहेरच्या छोट्या व्यवसायांसाठी कलम ४४ एडी आहे. त्यात नफा किमान ८ टक्के, आणि बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या रकमेवर ६ टक्के धरतात. तुमचं काम नेमकं कशात बसतं याबद्दल शंका असेल, तर आधी सीएला विचारा.

दोन्हींत फरक किती पडतो?

आपल्या डेव्हलपरचा नव्या करप्रणालीतला हिशेब बघू. स्टँडर्ड डिडक्शननंतर पगाराचे ११ लाख २५ हजार उरतात. त्यात फ्रीलान्सिंगचं उत्पन्न मिळवलं, की सेससह टॅक्स असा येतो:

- काहीच खर्च दाखवला नाही: १,१३,१०० रुपये.
- प्रत्यक्षातला ८० हजारांचा खर्च दाखवला: १,००,६२० रुपये.
- ४४ एडीएनुसार २ लाख नफा दाखवला: ८१,९०० रुपये.

पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात ३१,२०० रुपयांचा फरक आहे. मग सरळ ४४ एडीए घ्यावं का? बहुतेक जण तेच करतात. पण ५० टक्के ही किमान पातळी आहे आणि खरा नफा जास्त असेल तर तो दाखवण्याची तरतूदही याच कलमात आहे. तुमचा खर्च फारच कमी असेल, तर नफा किती दाखवायचा हे सीएशी बोलूनच ठरवा.

उलट, तुम्ही यादीतल्या पेशात आहात आणि खर्च कमाईच्या निम्म्याहून जास्त झाला, तर ५० टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवता येतो. मात्र एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर वह्या आणि ऑडिट दोन्ही करावं लागतं. चांगला पगार असणारे या मर्यादेच्या वर असतातच.

इथे गडबड होते

*एकच रुपया दोनदा वजा करणं.* जुन्या करप्रणालीत संपूर्ण भाड्यावर एचआरएची सूट घेतली आणि त्याच भाड्याचा वाटा फ्रीलान्सिंगच्या खर्चातही टाकला, तर ती दुहेरी वजावट झाली. कंपनी इंटरनेटचं बिल देत असेल, तर तेच बिल पुन्हा दाखवता येत नाही. कंपनीचा लॅपटॉप तुमच्या मालकीचा नाही, त्यामुळे त्यावर घसाराही नाही. घर स्वतःचं असेल, तर स्वतःलाच भाडं दिल्याचं दाखवता येत नाही.

*तोटा पगारातून वजा करणं.* फ्रीलान्सिंगमध्ये कमाई ५० हजार आणि खर्च ९० हजार झाला, तर ४० हजारांचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. रिटर्न वेळेत भरलं तर तो पुढच्या वर्षांच्या व्यवसायाच्या नफ्यासमोर वापरता येतो.

*करप्रणाली बदलत राहणं.* फक्त पगार असेल तर दरवर्षी जुनी की नवी ते निवडता येतं. फ्रीलान्सिंगचं उत्पन्न आलं की ही मोकळीक जाते. जुनी करप्रणाली हवी असेल तर मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. नंतर एकदा नव्या प्रणालीत परतलात, की व्यवसायाचं उत्पन्न सुरू असेपर्यंत जुनीचा दरवाजा बंद. एका वर्षीच्या छोट्याशा फ्रीलान्स कामासाठीही हा नियम लागू होतो.

रिटर्न कुठला भरायचा?

पगारदारांचा नेहमीचा आयटीआर-१ इथे चालत नाही. ४४ एडीए किंवा ४४ एडी घेतलं आणि एकूण उत्पन्न ५० लाखांपर्यंत असेल, तर साधारणपणे आयटीआर-४. प्रत्यक्ष खर्च दाखवायचा असेल तर आयटीआर-३.

फ्रीलान्सिंगचं उत्पन्न दाखवलंच नाही तर? क्लायंटने टीडीएस कापला असेल, तर त्याची नोंद तुमच्या पॅनवर, एआयएसमध्ये आधीच झालेली असते. लपवण्यात अर्थ नाही. आणि टीडीएस वजा करून १० हजार किंवा त्याहून जास्त टॅक्स उरत असेल, तर ॲडव्हान्स टॅक्स भरावा लागतो. ४४ एडी किंवा ४४ एडीएवाल्यांना तो १५ मार्चपर्यंत एकदम भरता येतो, बाकीच्यांना जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च अशा चार हप्त्यांत. चुकला तर व्याज लागतं.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि ‘कर वर्ष’ हा शब्द आला आहे. २०२५-२६ च्या कमाईला मात्र जुन्याच कायद्याचे नियम लागतात.

आजपासून काय कराल?

फ्रीलान्सिंगचे पैसे शक्यतो वेगळ्या बँक खात्यात घ्या. भाडेकरार, बिलं आणि क्लायंटचे इन्व्हॉइस एका फोल्डरमध्ये ठेवा. घराचा आणि वेळेचा किती वाटा कामाला लागतो, हे एका कागदावर लिहून ठेवा. प्रत्यक्ष खर्च आणि ठरावीक टक्क्यांचा नफा हे दोन्ही आकडे काढून बघायला एक संध्याकाळ पुरते. आपल्या उदाहरणात त्या एका संध्याकाळची किंमत ३१ हजार रुपये होती.