लवचिक पट्टीचा सांधा

मोबाइलच्या पोटांत तारांच्या जुड्या शोधूं जाल, तर बहुधा फसाल! तेथें पॉलिइमाइडच्या कागदासारख्या पातळ पट्टीवर तांब्याच्या सूक्ष्म रेषा असतात. याच विजेच्या वाटा होत. ही पट्टी मुख्य सर्किट बोर्डास जोडणारा सांधा म्हणजे कनेक्टर. त्यांतील शेजारच्या दोन संपर्कांच्या मध्यांचें अंतर पुष्कळदां अवघें ०.५ मिलिमीटर असतें.

इतकी नाजूक पट्टी बळानें खुपसली, तर रेषा खरवडतील. म्हणून कित्येक कनेक्टरांस एक चिमुकली झडप ठेवितात. ती उघडी असतां पट्टी विनासायास आंत सरकते. ती मिटतांच आंतील स्प्रिंगसारखे संपर्क रेषांवर घट्ट दाबले जातात आणि विजेची वाट पुरी होते. संपर्कांवर बहुधा सोन्याचा मुलामा असतो, कारण सोनें गंजत नाहीं.

पट्टी तिरपी बसली, तर भलतेच संपर्क जुळतात. झडप न उघडतां ओढली, तर सांधाच तुटतो व धडधाकट यंत्र मुकें होतें. म्हणून दुरुस्ती करणाऱ्यानें आधीं वीज तोडावी, मग झडप उघडावी आणि नंतरच पट्टीस हात लावावा. जें हलक्या हातानें जुळलें, तें हलक्या हातानेंच सोडवावें.