कॉलेजचे मोठे नाव आणि घरची चूल

न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ हे नाव आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. १९१३ साली बाबासाहेब तेथे गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना लिहून द्यावा लागला होता. मोठ्या विद्यापीठाचा खर्च कोण उचलणार आणि फेडायचा कसा, हा प्रश्न तेव्हाही होता. त्याच शहरातल्या कष्टकरी घरांपुढे तो आजही उभा आहे.

न्यूयॉर्कमध्ये स्टायव्हेसंट हायस्कूल ही नामांकित सरकारी शाळा आहे. तेथे फी नाही. पण प्रवेश मिळतो तो एका कठीण परीक्षेच्या गुणांवर. हजारो मुले परीक्षेला बसतात, निवडली जातात ती काहीशेच. त्यांत परदेशातून येऊन तेथे राबणाऱ्या गरीब आई-बापांची मुले पुष्कळ. चार वर्षे फुकट शिकलेल्या या मुलांच्या हाती शेवटी कॉलेजांची प्रवेशपत्रे पडतात आणि घरात हिशेब सुरू होतो. साधारणपणे १ मेपर्यंत उत्तर कळवावे लागते.

एका बाजूला कोलंबियासारखे नाव. राहणे-जेवण धरून वर्षाचा खर्च ८५ हजार डॉलरहून अधिक. दुसऱ्या बाजूला सरकारी सिटी युनिव्हर्सिटी. तिच्या चार वर्षांच्या कॉलेजांत राज्यातल्या रहिवाशांना वर्षाची फी सात हजार डॉलरच्या आत. १९७६ पर्यंत तर तेथे फी नव्हतीच. पोलिओची लस शोधणारे जोनास साल्क तेथल्याच सिटी कॉलेजचे विद्यार्थी. त्यांचे वडील कपड्यांच्या धंद्यात राबत. मुलगा हुशार मुलांच्या सरकारी शाळेतून तेथे गेला आणि १९३४ साली पदवीधर झाला. स्वस्त कॉलेज म्हणजे हलके शिक्षण, असे कोणी समजू नये.

मग छापील आकडा पाहून मोठ्या कॉलेजला अर्जच करू नये का? गरीब घर फसते ते इथेच. कोलंबियासारखी श्रीमंत विद्यापीठे कुटुंबाचे उत्पन्न पाहून मदत देतात, आणि ती परत करावी लागत नाही. त्यामुळे तुटपुंज्या कमाईच्या घराला महागडे दिसणारे कॉलेज कधी कधी स्वस्तात पडते. आपल्या वाट्याला किती खर्च येईल याचा अंदाज देणारे गणकयंत्र २०११ पासून तेथील कॉलेजांना आपल्या संकेतस्थळावर ठेवावेच लागते.

खरा धोका वेगळाच आहे. नाव बऱ्यापैकी, पण मदत अपुरी, अशी कॉलेजे प्रवेश देतात आणि तूट कर्जाने भरायला सांगतात. मदतीच्या पत्रात अनुदान आणि कर्ज एकाच यादीत मांडलेले असते. आई-बापांच्या नावावरही कर्ज निघते. नावाच्या मोहात सही होते आणि म्हातारपणापर्यंत हप्ते सरत नाहीत.

अर्थशास्त्रज्ञ स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. तेवढ्याच तयारीची आणि तशाच कॉलेजांना अर्ज केलेली मुले कमी नावाच्या कॉलेजात गेली, तरी पुढे त्यांची कमाई साधारण तेवढीच राहिली, असे त्यांना आढळले. मात्र गरीब घरच्या मुलांना मोठ्या कॉलेजचा फायदा झालेला दिसला. ज्याच्या घरी ओळखीपाळखी नाहीत, त्याला कॉलेजच ओळख मिळवून देते.

म्हणून आकड्याला घाबरून मुलाला मागे ओढू नका, आणि नावाला भुलून घर गहाण टाकू नका. कॉलेज तेथले असो वा आपल्या गावचे, पत्र आले की तीन प्रश्न विचारा : परत न करायची मदत किती? कर्ज किती आणि कोणाच्या नावावर? आणि मधल्या वर्षी ती मदत थांबली तर काय? उत्तरे कागदावर मांडा, घरात सर्वांनी बसून वाचा, आणि मगच सही करा.